नावांचा जमाखर्च

कलावंताची कीर्ती त्याच्या गुणांपासून आपोआप, जणू एखाद्या निसर्गनियमाने, उत्पन्न होते असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु व्यवहारात पाहू गेल्यास कीर्ती म्हणजे कोठेतरी छापलेले, पुकारलेले अथवा कोरलेले एक नाव असते, आणि ते नाव कोणी, कोणत्या जागी व कोणत्या टायपात छापावयाचे याचे फर्मान बहुधा कलावंताखेरीज इतरांनीच काढलेले असते. गायकांच्या घराण्यांच्या वंशावळी लिहिण्यात आपल्या विद्वानांनी आयुष्ये वेचली आहेत. गायकाच्या नावाचा इतिहास मात्र, म्हणजे ते त्याला कसे मिळाले, कोठे उमटले आणि कोठून गळाले याचा वृत्तांत, फारसा कोणी दप्तरी दाखल केलेला नाही. तसा तो करावयाचा झाल्यास चितळकर रामचंद्र नरहर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्याइतका सोयीचा साक्षीदार दुसरा सापडणे कठीण. कारण या एका गृहस्थाने आपल्या धंद्याच्या आयुष्यात निरनिराळ्या निमित्तांनी सहा नावे वापरली.

तत्पूर्वीची हकीकत थोडक्यात सांगावयाची तर, १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने ध्वनिमुद्रणे केली तेव्हा तबकड्या घडविण्याचे काम जर्मनीत हॅनोव्हर येथे चाले, आणि मेणावर उमटलेला आवाज कोणाचा हे तिकडील कारागिरास समजावे म्हणून गाणे संपताच गायिका गौहरजानने स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारावे अशी रीत पडली. नावाचा हा पहिला पुकारा कीर्तीसाठी नव्हता, कारखान्याच्या सोयीसाठी होता. आमच्या रंगभूमीवर याच्या उलट प्रकार होता. लोकमान्यांनी नारायणराव राजहंसांना दिलेले ‘बालगंधर्व’ हे नाव सनदेसारखे मिरवले गेले, आणि त्या सनदेचा महिमा एवढा वाढला की पुढे रामभाऊ कुंदगोळकर ‘सवाई गंधर्व’ झाले व सौदागर गोरे ‘छोटा गंधर्व’. बोलपटांचा काळ आला तसे नाव घेण्याला आणखी एक कारण मिळाले, ते म्हणजे कुळाची अब्रू. रतन साळगावकर या मुलीने चित्रपटात पाऊल टाकताना हंसा वाडकर हे नाव घेतले ते आपल्या घराण्याच्या आडनावाला बोल लागू नये म्हणून. सोय, सन्मान आणि संकोच अशा तीन वाटांनी आलेली ही नावे एकाच बाजारात येऊन उभी राहिली, आणि त्या बाजारात १९३० नंतरच्या दशकात अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा एक तरुण शिरला.

पुणतांबे हे गोदेकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे क्षेत्र. तेथे १९१८ साली जन्मलेल्या रामचंद्राने नागपुरास शंकरराव सप्रे यांच्यापाशी आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात गाण्याची तालीम घेतली, परंतु ओढा नट होण्याकडे. ‘नागानंद’ या चित्रपटात त्याला नायकाची भूमिका मिळाली खरी, चित्रपट पडला. त्यानंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता तो संगीत खात्यात पेटीवर बसू लागला. त्या काळचा स्टुडिओ हा एखाद्या संस्थानासारखा असे. नट, लेखक, वादक, सुतार, रंगारी सगळे महिन्याच्या तैनातीवर, आणि ज्याला जे काम सांगितले जाईल ते त्याने निमूटपणे करावयाचे. उमेदवारीची ही वर्षे त्यांच्या पुढील स्वभावाचा उलगडा करतात असे मला वाटते, कारण ज्याने नायकाच्या पाटीवरून उतरून पेटीवाल्याच्या सतरंजीवर बसण्याचा अनुभव तारुण्यातच घेतला, त्याला पाटीचे मोल किती आणि सतरंजीचे किती हे पुढे कोणी शिकवावे लागले नाही.

संगीतकार म्हणून पहिली संधी दक्षिणेकडून, ‘जयक्कोडी’ व ‘वनमोहिनी’ या तमिळ चित्रपटांतून आली; हिंदीत १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून, मित्र भगवान पालव यांच्यामुळे. येथून नावांची फेरिस्त सुरू होते. ‘सुखी जीवन’ आणि त्या सुमाराच्या चित्रपटांवर राम चितळकर. कमी भांडवलाच्या मारधाडीच्या काही चित्रपटांवर अण्णासाहेब. एके ठिकाणी श्यामू. पडद्यावर काम केले तेथे आर. एन. चितळकर, स्वतः गायले तेथे नुसते चितळकर, आणि प्रतिष्ठित चित्रपटांवर सी. रामचंद्र, जे सुटसुटीत नाव दिग्दर्शक जयंत देसाई यांनी सुचविले असे सांगतात. यात लपवाछपवीचा भाग थोडा आणि हिशेबाचा अधिक. मोठ्या निर्मात्याकडे ज्या नावाचा भाव वाढतो आहे ते नाव स्वस्त चित्रपटावर लावून त्याचा भाव पाडावयाचा नाही, आणि स्वस्त चित्रपटाचे काम तर सोडावयाचे नाही, असा हा दुहेरी जमाखर्च होता. नावाविषयी भाबडेपणा बाळगणाऱ्याला तो जमला नसता.

१९४७ चा ‘शहनाई’, १९४९ चा ‘पतंगा’, १९५० चा ‘समाधी’ आणि १९५१ चा ‘अलबेला’ या चित्रपटांनी सी. रामचंद्र हे नाव पानाच्या दुकानापर्यंत पोहोचविले. आज ज्याला पॉप संगीत म्हणतात त्याचे हिंदुस्थानी रूप प्रथम कोणी घडविले हा वाद मला निष्फळ वाटतो. परंतु साहेबी नाचघरातील ठेका, लॅटिन अमेरिकेतील डफ-खुळखुळे, सॅक्सोफोनचा सूर आणि त्यांच्या जोडीला तमाशाच्या फडातली चटकदार फेक, हे सगळे एकाच गाण्यात नांदवून दाखविण्याचे धाडस त्यांनी केले यात शंका नाही. ‘समाधी’तील एका गाजलेल्या चालीचे मूळ एका अमेरिकन चित्रगीतात आहे हे जाणत्यांना तेव्हाही ठाऊक होते. उसनवारीचा हा आरोप मी नाकारीत नाही. पण कर्ज काढलेले भांडवल ज्याने दामदुपटीने फिरविले त्याला दिवाळखोर म्हणता येत नाही.

आणि ते भांडवल फिरविण्याच्या कामी जे हात राबले त्यांच्याविषयी येथे सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे, कारण नावांच्या या जमाखर्चात सर्वांत मोठी थकबाकी त्यांचीच आहे. पोर्तुगीज अमलदारीत गोव्याच्या चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकविण्याची व्यवस्था होती. सासष्टी-बारदेशातील भाकरीने पोट भरेना तेव्हा ही मुले वाद्याची पेटी घेऊन मुंबईस येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, पथारी पसरीत, आणि हॉटेलांच्या नाचघरांत, मूकपटांच्या थिएटरांत, लष्करी बँडांत वा लग्नसमारंभांत नोकरी धरीत. मुंबई सरकारने दारूबंदी जारी केल्यावर नाचघरांची रया गेली, आणि पाश्चात्त्य स्वरलिपी पाहताक्षणी वाजवू शकणारे हे वादक नेमके त्याच सुमारास वाद्यवृंद वाढविणाऱ्या चित्रपट-संगीताकडे मोठ्या संख्येने वळले. आमच्या संगीतकारांना चाल सुचे, ती ते पेटीवर गाऊन दाखवीत. ती कागदावर उतरवून, वीस-तीस वाद्यांत वाटून, मधल्या जागा भरून तिला आजचे रूप देणे हे बहुतांशी गोवेकरांचे काम होते. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते, इतरत्र अँथनी गोन्साल्विस व फ्रँक फर्नांड होते, आणि सी. रामचंद्रांकडे होते चिक चॉकलेट.

हे चिक चॉकलेट म्हणजे बारदेशातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ. लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आणि घोगरा आवाज या दोहोंची नक्कल ते इतकी हुबेहूब करीत की मुंबईच्या नाचघरांत त्यांना हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’त त्यांच्या ट्रम्पेटने नुसती साथ केलेली नाही, एका गाण्यात तर ते आपल्या ताफ्यासह, झालरीच्या बाह्या घालून, प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. तबकडीवर मात्र त्यांच्यासारख्यांच्या नावाला जागा नव्हती. श्रेयपटावर ‘सहायक’ असा हुद्दा मिळाला तरी मोठी गोष्ट. ‘आशा’ या १९५७ च्या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’च्या अर्थहीन शब्दावलीत जॉन गोम्स नावाच्या गोवेकर वादकाने गमतीने कोकणी शब्द घुसडले, आणि ते गाणे म्हणणाऱ्या लाखो हिंदी मुलांच्या तोंडी नकळत कोकणी बसली, गोम्सांचे नाव मात्र त्यांच्यापैकी कितीकांच्या कानी गेले असेल? चिक चॉकलेट १९६७ साली वारले. उभ्या देशाला ज्यांचे वाजविणे पाठ, त्यांना ओळखणारी माणसे मुंबईच्या आणि गोव्याच्या काही मोहल्ल्यांपुरतीच राहिली.

वादकांची ही गत, तर गायकांची सुरुवातीस फारशी निराळी नव्हती. १९४९ च्या ‘महल’मधील गाण्याच्या पहिल्या तबकड्यांवर लता मंगेशकरांचे नाव नव्हते, चित्रपटातील पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते, आणि श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा सुरू केल्यावर खरे नाव बाहेर पडले. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या अमलात आकाशवाणीने गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवून बंद केले, त्यावर निर्मात्यांनी गाणी वाजविण्याचे परवानेच काढून घेतले, आणि उभ्या देशाचा कान रेडिओ सिलोनकडे लागला, जेथे अमीन सयानी प्रत्येक गाण्याचा गोत्रोच्चार मोठ्या प्रेमाने करीत. एका महाराष्ट्रीयाने चाली बांधाव्या आणि दुसऱ्या महाराष्ट्रीयाने त्यांना सरकारी दरवाजा बंद करावा, हा योग नियतीनेच जुळवून आणला म्हणावयाचा. दरवाजा बंद केल्याने घरातील गर्दी वाढली, ही केसकरांच्या हिशेबाबाहेरची जमा.

सी. रामचंद्रांच्या कर्तृत्वाचा माध्यान्ह याच वर्षांतला. त्यांना थिल्लर म्हणणाऱ्यांची तोंडे १९५३ च्या ‘अनारकली’ने बंद केली, वसंत प्रकाश या संगीतकाराकडून निम्म्या वाटेवर आलेले ते काम, आणि त्याने केलेले एक गाणे चित्रपटात तसेच ठेवलेले आहे. १९५५ च्या ‘आझाद’साठी कोइमतूरचे निर्माते श्रीरामुलू नायडू यांना महिन्याभरात सगळी गाणी हवी होती. नौशादांनी अशी घाई करण्यास साफ नकार दिला, सी. रामचंद्रांनी मुदतीत काम पुरे केले, आणि तलत महमूद वेळेवर उपलब्ध होत नाहीत असे पाहून त्यांच्याच धाटणीत स्वतः गाऊन टाकले. नौशादांचा नकार हा कलावंताचा बाणेदारपणा आणि यांचा होकार ही कारागिराची लवचीकता, अशी विभागणी करण्याचा मोह मला होत नाही, कारण ‘आझाद’ची गाणी घाईत झाली हे सांगितल्याशिवाय कोणास कळत नाही.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, चीनच्या युद्धानंतर, ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे कवी प्रदीपांचे गीत पंडित नेहरूंसमोर गायले गेले. त्या प्रसंगाची आठवण निघाली की पंडितजींचे डोळे, लताबाईंचा स्वर आणि प्रदीपांचे शब्द यांचा उल्लेख होतो; चाल कोणाची हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. एव्हाना धंदाही हातून निसटू लागला होता. ‘झांझर’, ‘लहरें’, ‘दुनिया गोल है’ हे त्यांनी स्वतः काढलेले चित्रपट चालले नव्हते, नवे संगीतकार पुढे आले होते, आणि ज्या भगवान पालवांनी, म्हणजेच भगवानदादांनी, ‘अलबेला’च्या जोरावर वैभव पाहिले त्यांनाही अखेर दादरच्या चाळीत दिवस काढावे लागले. सी. रामचंद्र मराठीकडे वळले. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’ला त्यांनी चाली दिल्या, ‘धनंजय’ आणि ‘घरकुल’ केले, आपल्या जुन्या गाण्यांचे रंगमंचीय कार्यक्रम केले, आणि १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

कलावंतांनी स्वतःविषयी निर्भीडपणे लिहिण्याची परंपरा मराठीत नवी नव्हती. गोविंदराव टेंब्यांनी ती सभ्यपणे चालविली होती, आणि १९७० च्या ‘सांगत्ये ऐका’त हंसा वाडकरांनी स्वतःच्या आयुष्याची लक्तरे स्वतःच्याच हातांनी वेशीवर टांगली होती. सी. रामचंद्रांच्या पुस्तकाने मात्र वादळ उठविले ते एका गायिकेविषयी नाव बदलून लिहिलेल्या मजकुराने. वाचकांनी त्या नावामागची व्यक्ती शोधण्याचा जो उद्योग केला त्यात बाकीचे पुस्तक, म्हणजे उमेदवारी, अपयश, चालींची जडणघडण, हे बाजूला पडले. हंसाबाईंनी जे उघडे केले ते स्वतःचे होते. येथे दुसऱ्याचे होते, आणि तेही पडद्याआडून. ज्याने आयुष्यभर स्वतःसाठी नावे बदलली त्याला दुसऱ्याचे नाव बदलणे ही सौजन्याची परमावधी वाटली असणे शक्य आहे. परंतु बदललेल्या नावाखाली ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला उत्तर देण्याचीही सोय राहत नाही, कारण उत्तर दिले की ते नाव आपलेच अशी कबुली दिल्यासारखे होते. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत वारले; त्या मजकुरावरील वाद त्यांच्यामागेही चालू राहिला, आणि ‘अलबेला’च्या ट्रम्पेटविषयी मात्र कोणी वाद घातल्याचे ऐकिवात नाही.