परत फिरण्याचा अधिकार

आपल्या देवस्थानांतून आणि मंडळांतून हिमालयाच्या यात्रा आता संघटितपणे निघतात. बरोबर वाटाड्या असतो, तट्टूवाले असतात, भोजनाची व औषधपाण्याची व्यवस्था असते, आणि निघण्यापूर्वी एका छापील कागदावर सही घेतली जाते. तो कागद वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आम्ही धंद्याच्या सवयीने असे काही कागद वाचले आहेत. जोखीम यात्रेकरूने आपखुशीने पत्करली आहे, एवढे त्यांत अगदी ठसठशीत लिहिलेले असते. परंतु वाट बिघडली, आभाळ फिरले, तर माघारी वळण्याचा हुकूम कोणी द्यावयाचा आणि तो कोणी पाळावयाचा, याविषयी अवाक्षर नसते. हा प्रश्न काही आजचा नव्हे. त्याचा पहिला मोठा दाखला युरोपातील आल्प्स पर्वतात, दोनशे वर्षांपूर्वी सापडतो.

माँ ब्लां हे आल्प्समधील सर्वोच्च शिखर, उंची सुमारे ४,८०० मीटर. ते १७८६ साली प्रथम सर झाले, आणि पायथ्याच्या शामोनी गावातील शेतकऱ्यांस व शिकाऱ्यांस एक नवाच व्यवसाय मिळाला. परदेशी पाहुण्यांस वर नेऊन सुखरूप खाली आणावयाचे. ऑगस्ट १८२० मध्ये रशियाच्या झारच्या सेवेतील हामेल नावाचे एक शास्त्रज्ञ, दोन इंग्रज आणि एक जिनिव्हाचे गृहस्थ असे चौघे वाटाडे घेऊन निघाले. ग्राँ म्यूले नावाच्या खडकाशी वादळाने त्यांस अडकवून ठेवले. ताजे बर्फ पुष्कळ पडले. वाटाड्यांचा कल खाली उतरण्याकडे होता. पण पाहुण्यांनी ऐकले नाही, उलट वाटाड्यांस भित्रे ठरविले, अशी हकीकत पुढे रूढ झाली. वर गेलेल्या पाहुण्यांनी स्वतः लिहिलेल्या वृत्तान्तांत या आग्रहाचे स्वरूप बरेच सौम्य दिसते. साक्षीपुराव्यात अशी तफावत असावयाचीच. जिनिव्हाच्या गृहस्थांनी मात्र, विवाहित माणसाने असला धोका पत्करणे योग्य नव्हे, असा विचार करून खडकाशीच थांबणे पसंत केले. या गृहस्थांविषयी आम्हांस फार आदर वाटतो.

उरलेली मंडळी २० ऑगस्ट रोजी वर निघाली. उतारावरून आडवे जात असता पायांखालचे ताजे बर्फ सुटले आणि तीन वाटाडे हिमनदीच्या एका खोल भेगेत गाडले गेले. पाहुणे सर्व वाचले. हिमनद्यांच्या गतीचा अभ्यास करणारे फोर्ब्स यांनी पुढे असे भाकीत केले की, सुमारे चाळीस वर्षांनी ही हिमनदी ते अवशेष खाली आणून सोडील. १८६१ साली तसेच घडले. हाडे, कपड्यांच्या चिंध्या, कंदिलाचे तुकडे, शिखरावरून सोडण्यासाठी नेलेल्या कबुतराचा पंख असे एकेक बाहेर येऊ लागले, आणि त्या दिवशी वाचलेल्या वाटाड्यांपैकी एक, आता वृद्ध झालेला, ते ओळखण्यास आला.

अपघातानंतर दुसऱ्याच वर्षी, १८२१ साली, शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. दर ठरले. अपघातात सापडलेल्यांच्या कुटुंबांसाठी निधी उभा राहिला. माँ ब्लांसाठी एका पाहुण्यामागे चार वाटाडे घेण्याचा नियम झाला. १८५१ साली आल्बर्ट स्मिथ व त्याचे तिघे सोबती सोळा वाटाडे घेऊन गेले ते त्यामुळेच. पण आमच्या मते त्या नियमावलीचा खरा कणा होता तो पाळीचा नियम. ज्याची पाळी त्यानेच जावयाचे. पाहुण्यास निवड नाही. इंग्रज गिर्यारोहकांनी याविरुद्ध पुष्कळ तक्रारी केल्या, आणि त्यांत तथ्यही होते, कारण निष्णात आणि नवशिका यांस एकाच रांगेत उभे केले गेले. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एकटा रोजंदार वाटाडी "आज जाऊ नये" म्हणाला, तर पाहुणा शेजारच्याला बोलावी. सर्वांची पाळी आणि सर्वांचा दर ठरला, म्हणजे नकाराची शिक्षा उपासमार ही राहिली नाही.

पुढे काळ असा आला की वाटाडी हा संघाचा सभासद न राहता कंपनीचा पगारी नोकर झाला. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरात प्लिमथच्या एका शाळेची मुले छोट्या होड्या वल्हवीत निघाली. बरोबर एक शिक्षक व दोन प्रशिक्षक. प्रशिक्षकांचा अनुभव तुटपुंजा, संकटाची खूण करणारे दारूचे बाण जवळ नाहीत, आणि किनाऱ्यावरून मदतीची हाक गेली ती कित्येक तासांनी. चार मुले दगावली. खटल्यात एक पत्र पुढे आले. त्या केंद्रातून आदल्या वर्षी बाहेर पडलेल्या प्रशिक्षकांपैकी एकाने, सुरक्षिततेची ही अवस्था राहिली तर कोणाचे तरी मूल घरी परतणार नाही, असे चालकांस आधीच लेखी कळविले होते. डिसेंबर १९९४ मध्ये संचालकास तुरुंगवास झाला, आणि स्वतः कंपनीही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरली. इंग्लंडच्या इतिहासातील अशी ही पहिलीच शिक्षा. १९८७ साली झीब्रुगे येथे जहाज उलटून १९३ माणसे मेली, तेव्हा त्या बलाढ्य कंपनीवरील खटला टिकला नव्हता. एवढ्या मोठ्या संस्थेत दोषी 'मन' नेमके कोणाचे, हे दाखविता आले नाही. लहान कंपनीत ते मन एकाच खुर्चीत बसलेले असते. १९९५ साली संसदेने कायदा केला आणि मुलांसाठी अशी केंद्रे चालविणाऱ्यांस परवान्याची सक्ती झाली.

आपल्याकडे सामुदायिक प्रवासाच्या शिस्तीची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबांनी आळंदीच्या पालखी सोहळ्यास दिंड्यांचा क्रम लावून दिला, आणि आजही समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एका क्षणी थांबतात. ही शिस्त हिमालयात आपण बरोबर नेली नाही. ऑगस्ट १९९६ मध्ये अमरनाथाच्या वाटेवर पाऊस व हिमवर्षाव यांत २४० हून अधिक यात्रेकरू प्राणांस मुकले. त्यानंतर सेनगुप्ता समितीने संख्येस मर्यादा घालण्याची शिफारस केली, आणि २००० साली देवस्थान मंडळाचा कायदा झाला. २०१२ साली तेथील मृत्यूंच्या बातम्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि यात्रेकरूंची सुरक्षितता घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काशी जोडली. वैद्यकीय दाखल्याची आता सक्ती आहे. दाखला देणारा डॉक्टर मात्र गावी राहतो, आणि दम लागतो तो सुमारे १४,००० फुटांवर, महागुणस खिंडीत.

छापील कागदावरील सहीने निष्काळजीपणाची फौजदारी जबाबदारी पुसली जात नाही. १ जुलै २०२४ पासून तिच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे. पण हे कलम जागे होते ते माणूस गेल्यावर. मंडळांनी आपल्या कागदात एक ओळ वाढवावी अशी आमची सूचना आहे. माघारीचा हुकूम कोण देईल त्याचे नाव, आणि त्याने तो दिल्यास त्याची किंवा तट्टूवाल्याची मजुरी कापली जाणार नाही, ही हमी.

लिपुलेख खिंडीतून जाणाऱ्या सरकारी कैलास-मानसरोवर यात्रेत याची तजवीज आहे. तेथेही सही घ्यावयाची असते, आणि तीही साधी नव्हे. सीमेपलीकडे मृत्यू आल्यास तेथेच दहन करण्याची संमती यात्रेकरू आगाऊ लिहून देतो. मात्र प्रत्येक तुकडीबरोबर एक सरकारी अधिकारी असतो, आणि दिल्लीत तपासणी झालेल्या यात्रेकरूस गुंजी येथे, दहा हजार फुटांवर, भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे डॉक्टर पुन्हा तपासतात. दिल्लीत उत्तीर्ण झालेला तेथे कधी अनुत्तीर्ण ठरतो, आणि कैलास थोड्या दिवसांच्या वाटेवर असता त्यास परत फिरावे लागते. त्या डॉक्टरांस यात्रेकरूकडून काही घ्यावयाचे नसते.