हुस्मानाचे अक्षर आणि डाकोटांची जमीन

माझा बाप सालदार होता. म्हणून नॉर्वेच्या इतिहासात ‘हुस्मान’ हा शब्द प्रथम वाचला तेव्हा मी थबकलो. हुस्मान म्हणजे मालकाच्या जमिनीवर झोपडी आणि तुकडाभर शेत मिळालेला व त्याबदल्यात मालकाकडे राबणारा माणूस. १८२५ पासून शंभर वर्षांत सुमारे ८ लाख नॉर्वेजियन अमेरिकेला गेले. त्यांत या वर्गातले पुष्कळ होते. साम्य मात्र येथेच संपते. हुस्मानाचा कोणाला विटाळ होत नव्हता, आणि त्याच्या पोराला वाचता येत होते.

ते वाचणे राजाच्या धाकाने आले. १७३६ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने प्रत्येक मुलाला मंडळीसमोरची धर्मपरीक्षा सक्तीची केली. ती झाल्यावाचून लग्न करता येत नसे. ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी आणि तिच्यावरचे पोंटोपिडानचे विवरण घरोघर पाठ होऊ लागले. हेतू आज्ञाधारक प्रजा घडविण्याचा होता. परंतु अक्षर एकदा हाती आले की ते कोणाच्या हुकमात राहत नाही. हान्स नील्सन हाउगे हा शेतकऱ्याचा मुलगा गावोगाव फिरून धर्म सांगू लागला, तेव्हा पाद्र्याच्या संमतीवाचून सभा घेण्यास मनाई करणाऱ्या १७४१ च्या कायद्याचा आधार घेऊन त्याला वर्षानुवर्षे तुरुंगात डांबले. येथे शंबूक आठवतो. पण हाउगे जिवंत सुटला.

हा वारसा घेऊन ही कुटुंबे विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा आणि पुढे डाकोटाच्या माळावर उतरली. लाकूड नव्हते तेथे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपा रचून घरे केली. एकेका पाद्र्याकडे अनेक मंडळ्या; तो कित्येक आठवडे फिरकत नसे. मग रविवारी घरचा कर्ता प्रवचनांचे पुस्तक उघडून वाची आणि सारे घर गाई. बायका एकमेकींकडे जमून मोजे विणीत, एप्रन शिवीत. त्यांच्या लिलावातून चर्चला आणि दूरदेशीच्या मिशनला पैसा जाई. मंडळीच्या सभेत मत मात्र पुरुषांचे. हे मी आईला सांगितले तेव्हा ती नुसती हसली.

१८६१ साली यादवी युद्ध पेटले. नॉर्वेजियन सिनॉड ही पाद्र्यांची संघटना आपले विद्यार्थी सेंट लुइसच्या जर्मन ल्यूथरन विद्यालयात पाठवीत असे, आणि मिसूरी हे गुलामीचे राज्य. त्या वर्षी विस्कॉन्सिनमधील सभेत पाद्र्यांनी निर्वाळा दिला : गुलामी ही अनिष्ट आणि ईश्वराची शिक्षा खरी, परंतु देववचनाप्रमाणे गुलाम ठेवणे हे मुळात पाप नव्हे. शब्दप्रामाण्याची ही भाषा आपल्या चांगल्या ओळखीची आहे. शेतकरी संतापले. ज्यांना प्रश्नोत्तरी पाठ करून गप्प बसायला शिकविले होते, ते तीच पुस्तके हाती घेऊन पाद्र्यांना जाब विचारू लागले. क्लाउसन या पाद्र्याने दिलेली संमती मागे घेतली आणि १८६८ मध्ये संघटनाच सोडली. हान्स ख्रिश्चन हेग १५ व्या विस्कॉन्सिन पलटणीतल्या स्कँडिनेव्हियन पोरांना घेऊन लढला आणि १८६३ मध्ये चिकामॉगाच्या लढाईत कामी आला. जोतीरावांनी १८७३ मध्ये ज्या अमेरिकनांना ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांत ही हुस्मानांची पोरेही धरावी लागतील.

पण १८६२ चे काय करायचे? त्या वर्षीच्या मे महिन्यात होमस्टेड कायदा झाला : पाच वर्षे राहा, कसा, १६० एकर तुमची. ऑगस्टमध्ये मिनेसोटात, करारांनी जमीन गेलेले आणि अन्नाला मोताद झालेले डाकोटा उठले. त्यांत स्कँडिनेव्हियन वस्त्यांतली बायकापोरेही मारली गेली. २६ डिसेंबरला मॅन्केटो येथे ३८ डाकोटांना एकाच वेळी फासावर चढविले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या लोकांना राज्याबाहेर हाकलले. मोकळ्या केलेल्या मुलखात नांगर फिरले, चर्चचे मनोरे उभे राहिले. गुलामीच्या प्रश्नावर हे लोक आपल्या पाद्र्यांशी वर्षानुवर्षे भांडले. जमिनीच्या प्रश्नावर एखादी मंडळी फुटल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे वर्गात सांगितले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आपल्याला कोणी १६० एकर दिली असती, तर आधी तेथे कोण राहत होते हे आपण विचारले असते का?” त्याचा बाप गायरानाच्या दोन एकरांसाठी अजून कचेरीत हेलपाटे घालतो आहे.