नाताळचे तेरा खट्याळ पाहुणे

आगमनकाळ सुरू झाला की आमच्या घराघरांत गोठ्याची तयारी सुरू होते. माळ्यावरची मूर्तींची पेटी खाली उतरते, गवत गोळा होते, स्वयंपाकघरातून फराळाचा वास दरवळू लागतो. आणि याच लगबगीत हट्टी लेकराला आवरताना आम्हा वडीलधाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास निसटते : “शहाण्यासारखा वागला नाहीस, तर सांता क्लॉज काही आणणार नाही हं!” एरवी जेवत नसलेल्या मुलाला बागुलबुवाचे भय घालणारे आम्हीच. डिसेंबर आला की त्याच बागुलबुवाला लाल अंगरखा चढवतो, एवढेच. मुलांच्या नाताळात गंमत असावी की धाक, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. एका देशात तर त्यासाठी राजाज्ञा काढावी लागली होती. तो देश आइसलँड, आणि ते साल १७४६.

उत्तर अटलांटिक महासागरातील या बेटाने इसवी सन १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे साडेपाच शतके तो कॅथलिक देश होता. १५५० साली तेथील शेवटचे कॅथलिक बिशप योन आरासोन यांचा शिरच्छेद झाला आणि देश लुथरन पंथाचा झाला. धर्मव्यवस्था बदलली, परंतु हिवाळा बदलला नाही. डिसेंबरच्या अखेरीस राजधानी रेक्याविक येथे सूर्य जेमतेम चार तास दिसतो. बाहेर बर्फ, वारा आणि संपता न संपणारी रात्र. आत मिणमिणता दिवा आणि लोकर विंचरत, सूत कातत बसलेले कुटुंब. अशा अंधारात कथा जन्माला न येतील तरच नवल.

त्या कथांतील सर्वांत भयंकर पात्र म्हणजे ग्रीला नावाची डोंगरातली राक्षसीण. तिचा उल्लेख तेराव्या शतकातील लेखनातही सापडतो. सतराव्या शतकापर्यंत तिचा संबंध नाताळाशी जोडला गेला होता. द्वाड मुलांना पोत्यात घालून नेणारी आणि त्यांना शिजवून खाणारी अशी तिची ख्याती. लेप्पालुदी हा तिचा आळशी नवरा, घरात एक अक्राळविक्राळ काळे मांजर आणि पदरी दांडगट मुलगे. हे मुलगे नाताळाच्या सुमारास डोंगरावरून उतरत आणि शेतकऱ्यांच्या घरात शिरून चोऱ्या करीत. ‘योलास्वेइनार’ हे त्यांचे नाव. ‘नाताळचे पोरगे’ असे त्याचे मराठी करता येईल.

त्यांच्या नावांतच त्यांचे उद्योग सांगितलेले आहेत. आपल्या भाषेत आणायचे तर एक पळीचाट्या, एक भांड्याची खरवड खाणारा, एक दारे आपटून लोकांची झोपमोड करणारा, एक खिडकीतून डोकावणारा. कोणी घट्ट दह्यासारख्या ‘स्कीर’वर ताव मारतो, कोणी धुराड्यात टांगलेले मांस आकड्याने ओढून नेतो. सर्वांत शेवटी येतो तो मेणबत्तीचोर. त्या काळी मेणबत्त्या जनावरांच्या चरबीच्या असत. अंधारात त्या उजेड देत आणि भुकेला खाताही येत. गरीब घरातील मुलाला नाताळात मिळालेली मेणबत्ती म्हणजे केवढी दौलत! तीच चोरणारा हा चोर मुलांना किती दुष्ट वाटत असेल, याची कल्पना आज विजेच्या दिव्यांत बसून करणे कठीण आहे. या नावांकडे नीट पाहिले, की त्यांमागे दडलेली खरी भीती दिसते. ती राक्षसांची नव्हे, तर उपासमारीची आणि काळोखाची होती.

परंतु या कथा सांगणाऱ्यांनी एक सोपा मार्ग पत्करला. आपली भीती त्यांनी मुलांच्या अंगावर टाकली. मुले इतकी घाबरवली जाऊ लागली, की १७४६ साली आइसलँडवर राज्य करणाऱ्या डेन्मार्कच्या सत्तेने गृहशिस्तीविषयीचा हुकूमनामा काढताना त्यात या विषयाचीही दखल घेतली. नाताळच्या पोरग्यांसारख्या भुताखेतांचे भय आईबापांनी मुलांना घालू नये, असे बजावण्यात आले. त्याच हुकूमनाम्याने घरातील शिस्त कडक केली, हे खरे. तरीसुद्धा मुलाच्या मनाला इजा पोहोचू नये म्हणून राजसत्तेने शब्द खर्ची घालावा, ही अठराव्या शतकातली घटना आम्हांला विचार करायला लावते.

हुकमाने कथा मरत नाहीत, हेही तितकेच खरे. पण त्या बदलू शकतात. हळूहळू या पोरग्यांचा दांडगटपणा ओसरून खट्याळपणा उरला. लोककथांचे संग्राहक योन आर्नासोन यांच्या १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात तेरा भावांची नावे नोंदली गेली. १९३२ साली योहानेस ऊर क्योत्लुम या कवीने मुलांसाठी लिहिलेल्या कवितेने ती नावे आणि त्यांचा क्रम घराघरांत कायमचा केला. १२ डिसेंबरला पहिला भाऊ उतरतो, मग रोज एक याप्रमाणे २४ तारखेला तेरावा. नाताळपासून ते त्याच क्रमाने एकेक करून परततात आणि ६ जानेवारीला, म्हणजे आपल्या तीन राजांच्या सणाच्या दिवशी, शेवटचा डोंगर चढतो.

विसाव्या शतकात या चोरांच्या हाती देणगी आली. या तेरा रात्री मूल आपला बूट खिडकीत ठेवते आणि सकाळी त्यात एखादी छोटी वस्तू सापडते. खोडकराला मात्र बटाटा! बुटात खाऊ ठेवण्याची ही चाल युरोपात संत निकोलस यांच्या सणाशी जोडलेली आहे. या संताने एका गरीब पित्याच्या तीन मुलींसाठी रात्री गुपचूप सोने टाकले, अशी आख्यायिका आम्ही सारे जाणतो. संतांची भक्ती ज्या देशातून उठली, तेथेच चार शतकांनंतर एका संताची आठवण सांगणारा बूट खिडकीत विराजमान व्हावा, हा इतिहासाचा गोड विनोदच म्हणायचा. आज रेक्याविकच्या राष्ट्रीय संग्रहालयात हे भाऊ जुन्या लोकरी वेषात रोज एक याप्रमाणे मुलांना भेटायला येतात.

अमेरिकेत २००५ साली एका पुस्तकाबरोबर एल्फची, म्हणजे सांताच्या बुटक्या मदतनिसाची, बाहुली बाजारात आली. ती फळीवर बसून दिवसभर मुलाकडे पाहते आणि रात्री सांताला बातमी देते, अशी कथा. रोज सकाळी बाहुली नव्या जागी सापडते, यातली मौज आम्हांला कळते. पण तिला हेर केले, की १७४६ पूर्वीची ग्रीलाच मऊ कपड्यांत परत येते. बटाट्याचेही तसेच. तो हसण्यासाठी असावा, मुलाला रडवण्यासाठी नव्हे.

मग मुलाने एके दिवशी विचारले, “बुटात खाऊ तूच ठेवतोस ना, बाबा?” तर? धाकाने रचलेली गोष्ट अशा वेळी खोटी ठरून कोसळते. प्रेमाने रचलेली कोसळत नाही. त्या मुलाला जवळ घेऊन सांगता येते, “होय. आता तू मोठा झालास. उद्यापासून धाकट्या बहिणीच्या बुटात खाऊ तू ठेव आणि कुणाला सांगू नकोस.” संत निकोलस यांचे गुप्तदान ते हेच. जादू संपत नाही, घेणाऱ्याच्या हातून ती देणाऱ्याच्या हाती जाते.

पहिल्या नाताळच्या रात्रीही अंधार होता आणि रानातले मेंढपाळ भ्यायले होते. देवदूताने त्यांना आनंदाची वार्ता सांगण्याआधी अभय दिले. आमच्या गोठ्याभोवती जमणाऱ्या लेकरांनाही वडीलधाऱ्यांकडून प्रथम तेच मिळावे.