ऑक्सफर्डहून परळला

ख्रिस्ती कॉलेजात शिकलेला माणूस बाटूनच बाहेर पडतो, असा आपल्याकडे एक जुना समज होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र वाचताना मला तो हटकून आठवतो.

जमखंडीचा हा तरुण फर्ग्युसनमधून पदवी घेऊन १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेला. कॉलेज युनिटेरियन पंथाचे, शिष्यवृत्तीही त्याच मंडळींची; पण धर्म बदलण्याची अट नव्हती. तेथे शिंदे तौलनिक धर्म शिकले. मला मात्र वर्गाबाहेरचे शिक्षण अधिक मोलाचे वाटते. इंग्लंडच्या शहरांतील गरीब वस्त्यांत युनिटेरियनांची ‘डोमेस्टिक मिशन’ चालत. घरोघर भेटी, शाळा, गरिबांच्या बचतीची सोय. धर्मकार्य म्हणजे वस्तीत जाणे, हा धडा पुस्तकातून मिळत नाही.

१९०३ साली शिंदे परतले ते प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले, परळला अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. भगिनी जनाबाईही कामात उतरल्या. संस्थेच्या नावातला ‘मिशन’ हा शब्द पाहा! पद्धत पाद्र्यांची, पण धर्मांतर नाही.

या पद्धतीला एक मर्यादाही होती, आणि ती सांगायलाच हवी. वस्तीत जाणारा अखेर बाहेरचाच. १९१९ साली साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला, तेव्हा शिंदे आणि तरुण भीमराव आंबेडकर या दोघांनीही साक्ष दिली. दोघांची मते जुळली नाहीत.