ओट्याचा दगड : महाराष्ट्रातील नागर स्वयंपाकघर आणि 'टिकाऊपणा'ची कल्पना

प्रस्तावना

घरबांधणीचा इतिहास लिहिताना वाड्यांचे दिंडीदरवाजे, नक्षीदार खांब, चाळींचे सज्जे यांकडे अभ्यासकांचे लक्ष जाते. स्वयंपाकघरातील ओट्याकडे सहसा जात नाही. वस्तुतः घरातील सर्वाधिक झीज सोसणाऱ्या पृष्ठभागांपैकी तो एक होय. पाणी, तेल, आंबट पदार्थ, उष्णता आणि सुरीचे घाव हे सारे त्याच्या वाट्याला रोज येतात. ओट्यासाठी दगड निवडताना 'टिकाऊ' आणि 'शोभिवंत' हे दोन निकष पिढ्यान्‌पिढ्या लावले गेले. परंतु या शब्दांचे अर्थ मात्र पालटत गेले. प्रस्तुत लेखात हा अर्थपालट महाराष्ट्रातील नागर घरांच्या संदर्भात तपासला आहे. टिकाऊपणाचा हिशेब आजवर घराच्या चार भिंतींच्या आतच मांडला गेला आणि दगड कापणाऱ्या कामगाराला त्यात स्थान मिळाले नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

जमिनीवरील स्वयंपाकघर

पारंपरिक मराठी घरात स्वयंपाक बसून होत असे. मातीची चूल जमिनीलगत असे. चिरणे विळीवर आणि वाटणे पाट्यावर होई. मातीची जमीन शेणाने सारवली जाई. झिजले की पुन्हा लिंपायचे, हीच त्या पृष्ठभागाची रीत होती. एकदा घडवून कायम टिकणारी वस्तू ही त्या स्वयंपाकघराची अपेक्षा नव्हती. नित्य डागडुजी हाच त्याचा टिकाऊपणा होता आणि ती डागडुजी घरातील स्त्रियांच्या श्रमावर चालत असे.

त्या घरातील दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट. जाते, पाटा आणि वरवंटा यांसाठी तो उत्तम. टाकी लावून त्याला पुन्हा खरखरीत करता येते. मात्र त्याच्या पातळ, सपाट फरश्या सहजी निघत नाहीत. ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या या खडकाला गाळाच्या खडकासारखे थर नसतात. त्यामुळे काळ्या दगडावर वसलेल्या महाराष्ट्राला ओट्याचा दगड बाहेरून आणावा लागला.

शहाबादी आणि कडाप्पा

ही गरज दोन चुनखडकांनी भागविली. पहिला शहाबादचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील. हा प्रदेश तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सोलापूरहून रायचूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८७१ मध्ये पूर्ण झाला. शहाबाद याच मार्गावर असल्याने तेथील जड फरशीला मुंबईपर्यंतची वाट खुली झाली. दुसरा दगड आंध्रातील कडपा आणि लगतच्या कर्नूल परिसरातील काळा चुनखडक. मराठी माणसाने गावाचेच नाव दगडाला देऊन त्याला 'कडाप्पा' म्हटले.

हे दोन्ही गाळाचे खडक असल्याने छिन्नी-हातोड्याने थरांवर उकलतात. यंत्राविना फरशी निघत असल्याने ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात राहिली. तथापि चुनखडक आम्लाला टिकत नाही. लिंबू, चिंच किंवा आमसुलाचे पाणी सांडून राहिले की त्याची झिलई जाते आणि पांढुरका डाग उमटतो. त्यावर तेलाचा हात फिरवून काळेपण परत आणण्याची रीत घरोघरी होती. सारवणाची जागा तेलाने घेतली. नित्य निगा मात्र सुटली नाही.

गॅस आणि उभा ओटा

दगड उपलब्ध होता म्हणून ओटा उंच झाला, असे म्हणता येणार नाही. मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात बांधलेल्या चाळींत सुमारे १६० चौरस फुटांच्या एकाच खोलीत स्वयंपाक, जेवण आणि निजणे होत असे. अशा खोलीत कायमचा उंच ओटा बांधणे म्हणजे निजण्याची जागा गमावणे होते. शेगडी आणि घासलेटचा स्टोव्ह काम आटोपल्यावर उचलून ठेवता येत असे.

परिस्थिती पालटली ती सिलिंडरमधील गॅसमुळे. इंडियन ऑइलने १९६५ मध्ये कोलकात्यात 'इंडेन'ची पहिली जोडणी दिली आणि पुढील दशकांत गॅस शहरोशहरी पोहोचला. शेगडी सिलिंडरच्या पातळीहून उंच ठेवावी, असा सुरक्षिततेचा दंडक आहे. सिलिंडर जमिनीवर उभा असल्याने शेगडी वर चढली आणि तिच्यामागोमाग स्वयंपाक करणारी स्त्रीही उभी राहिली. सुमारे अडीच ते पावणेतीन फुटांचा ओटा, त्याखाली सिलिंडर आणि शेजारी भांडी घासण्याचे सिंक ही रचना सदनिकांत रूढ झाली. वाकणे आणि उकिडवे बसणे कमी झाले. पण बसून, गप्पा करीत चौघींनी मिळून करावयाचे काम भिंतीकडे तोंड करून एकटीने करावयाचे झाले, हेही नोंदविले पाहिजे.

ग्रॅनाइट : शोभेचा काळ

ग्रॅनाइट हा क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार या कठीण खनिजांचा अग्निजन्य खडक आहे. स्वयंपाकातील आंबटाचा त्यावर सहसा परिणाम होत नाही आणि सुरीनेही तो सहजी चरत नाही. परंतु तो हाताने उकलत नाही. त्याला हिऱ्याच्या पात्यांची करवत आणि पॉलिशची यंत्रे लागतात. १९९१ नंतर आयातीवरील निर्बंध शिथिल झाल्यावर अशी यंत्रसामग्री मिळणे सुकर झाले. कर्नाटकातील इलकलचा लाल, आंध्रातील चिमकुर्तीचा ठिपक्यांचा काळा आणि राजस्थानातील जालोरचा दगड बाजारात ओळखीचे झाले. केंद्र शासनाने १९९९ मध्ये ग्रॅनाइटच्या संवर्धन व विकासाचे स्वतंत्र नियम केले, यावरून या व्यवसायाचे वाढलेले महत्त्व कळते. स्वयंपाकघर आता पाहुण्यांना दाखविण्याची जागा झाले होते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा पुष्कळसा दगड भूशास्त्रदृष्ट्या गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. आणि घटकांच्या दृष्टीने हे दोन्ही बेसाल्टचेच भाऊबंद आहेत. मिक्सर आल्यावर पाटा-वरवंटा माळ्यावर गेला आणि त्याचाच सगोत्र दगड झिलई घेऊन ओट्यावर आला.

कृत्रिम दगड आणि हिशेबाबाहेरील किंमत

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील ब्रेटन कंपनीने क्वार्ट्झचा चुरा आणि राळ यांपासून निर्वात दाबाखाली फरशी घडविण्याचे तंत्र विकसित केले. हा कृत्रिम क्वार्ट्झ एकसारख्या रंगाचा आणि डाग न धरणारा असतो. मात्र राळेमुळे तापलेली कढई थेट ठेवल्यास त्यावर व्रण उमटू शकतो. पांढऱ्याशुभ्र ओट्याची हौस त्याने पुरविली.

खरा प्रश्न घराबाहेरचा आहे. चुनखडकात स्फटिकी सिलिका अत्यल्प असते. ग्रॅनाइटमध्ये साधारणतः २० ते ४५ टक्के, तर पारंपरिक कृत्रिम क्वार्ट्झमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास. दगड कोरडा कापताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. १९९७ ते २०१० या काळात फुप्फुस प्रत्यारोपणाच्या तपासणीसाठी आलेल्या कृत्रिम दगडाच्या २५ कामगारांची नोंद इस्रायलमधील डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि बसवणूक यांवर बंदी घातली. भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिसला अधिसूचित रोग मानले. राजस्थानने २०१९ मध्ये फुप्फुसाच्या धूळजन्य रोगांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी त्या कायद्याची मर्यादा दहा कामगारांची होती. इमारतीच्या जिन्याखाली तोंडाला रुमाल बांधून सिंकचे भोक कापणारे दोन कारागीर त्या व्याख्येत बसत नव्हते.

निष्कर्ष

१. ओट्याच्या दगडाची निवड केवळ अभिरुचीने ठरली नाही. खडकाची जात, रेल्वे, इंधन आणि यंत्रे यांनी ती घडविली.

२. सारवणापासून कृत्रिम क्वार्ट्झपर्यंत टिकाऊपणाचा अर्थ 'नित्य निगा' येथून 'निगेपासून सुटका' येथवर आला. गृहिणीचे श्रम काहीसे हलके झाले, ही यातील जमेची बाजू होय.

३. चुनखडकाकडून क्वार्ट्झकडे जाताना ओटा अधिकाधिक कठीण होत गेला. त्याच वाटेवर धुळीतील सिलिकाचे प्रमाणही वाढत गेले. घरातील धोका घटला आणि कापणाऱ्याचा वाढला.

यास्तव दगडाची परीक्षा करताना डाग आणि चरे यांच्याबरोबर तो कोठे व कसा कापला जातो, हेही पाहिले पाहिजे. पाण्याची धार सोडून कापणे, धूळ ओढून घेणारे यंत्र वापरणे आणि कामगारास योग्य मुखपट्टी देणे हे उपाय ज्ञात आहेत. त्यांचा खर्च ओट्याच्या किमतीत धरला गेला, तरच टिकाऊपणाचा हिशेब पुरा होईल.