मुदत रात्री बारापर्यंत

31 मे, प्रवेशअर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. अर्जांचं टेबल पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, महिन्यानुसार पार्टिशन केलेलं. ज्या तारखेसाठी पार्टिशन नाही, ती नोंद डीफॉल्ट पार्टिशनमध्ये पडते. त्या रात्री ड्युटी माझी होती.

सायंकाळी 6:00
जूनचं पार्टिशन करायचं राहिलंय, हे लक्षात येतं. बारानंतरच्या नोंदी एकदा डीफॉल्टमध्ये गेल्या, की त्या तिथून हलवल्याशिवाय पोस्टग्रेस जूनचं पार्टिशन होऊ देत नाही. काम आजच उरकायला हवं.

रात्री 8:00
आमच्या सूचनापुस्तिकेत एकच ओळ आहे: ‘नवं पार्टिशन तयार करा.’ लॉक कुठलं लागेल, काय तपासलं जाईल, याबद्दल एक अक्षर नाही. मागच्या महिन्यात हे काम क्षणात झालं होतं. पण तेव्हा डीफॉल्ट रिकामं होतं. मधल्या काळात जुन्या वर्षांचे सगळे अर्ज आम्हीच तिथं आणून ठेवलेत. हे कुणालाच आठवत नाही.

10:00
आकडेवारीचा एक मोठा रिपोर्ट सुरू होतो. तो फक्त वाचतो. त्याचं लॉक सर्वांत हलकं, त्यामुळे अर्ज सुरळीत येत राहतात.

10:40
मी ‘क्रिएट टेबल… पार्टिशन ऑफ’ ही कमांड देतो. तिला मूळ टेबलवर ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ लॉक लागतं, म्हणजे वाचणाराही आत नको. रिपोर्ट चालू असल्यानं ती थांबते. पण लॉकची रांग असते. आता साधं वाचायला आलेला अर्जदारही माझ्या कमांडच्या मागे उभा राहतो.

10:44
डेटाबेसच्या जोडण्या संपतात. मुलांचे, पालकांचे फोन सुरू होतात.

10:55
रांगेच्या तोंडाशी रिपोर्ट दिसतो. मी तो बंद करतो. रद्द करायला हवी होती माझी कमांड.

10:56
कमांडला लॉक मिळतं, आणि खरा घात इथं होतो. जूनची एखादी नोंद आधीच डीफॉल्टमध्ये नाही ना, हे पाहायला पोस्टग्रेस ते पार्टिशन पहिल्या ओळीपासून वाचू लागतं. तोवर सगळं टेबल बंद.

11:42
‘आता होईल’ म्हणत घालवलेल्या 46 मिनिटांनंतर मी कमांड रद्द करतो. अडलेल्या विनंत्या एकदम आत घुसतात आणि सर्व्हर कोलमडतो.

12:00
मुदत संपते. साइट बंदच आहे.

दुसऱ्या दिवशी मुदतवाढ मिळाली. पण त्या रात्री किती घरांत रडारड झाली असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

आम्ही सूचनापुस्तिकेतलं ते पान नव्यानं लिहिलं. आधी जूनचं टेबल वेगळं तयार करायचं. त्यावर जूनच्या तारखांचा आणि डीफॉल्टवर ‘जूनची नोंद इथं नाही’ असा चेक कन्स्ट्रेंट घालायचा. डीफॉल्टवरचा ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून, म्हणजे आधीच्या नोंदी न तपासता घालायचा आणि मग ‘व्हॅलिडेट’ करायचा. त्या तपासणीत वाचणं-लिहिणं चालू राहतं. शेवटी ‘अटॅच पार्टिशन’. आवृत्ती 12पासून ते मूळ टेबल बंद करत नाही. डीफॉल्टवर मात्र कडक लॉक लागतंच, पण कन्स्ट्रेंट आधीच तपासलेला असल्यानं ते क्षणभराचं असतं. तरीही ‘लॉक टाइमआउट’ लावूनच कमांड द्यायची.

प्रत्येक कमांडपुढे आता तीन रकाने आहेत: कुठल्या टेबलवर कुठलं लॉक, ते धरून काय वाचलं जाईल, आणि अडलं तर आधी काय रद्द करायचं. पहिल्या दोहोंची उत्तरं पोस्टग्रेसच्या दस्तऐवजात त्या रात्रीही होती. आमच्या पानावर नव्हती.