अंतर मोजणारा कॅमेरा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी बाळकुममधील एका घरी आम्ही आजारी आजींना कम्युनियन देण्यास गेलो होतो. प्रार्थना आटोपल्यावर त्यांच्या मुलाने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि चामड्याच्या पिशवीतला एक कॅमेरा आमच्या हाती ठेवला. त्याचे वडील बोटीवर नोकरीला होते. सत्तरच्या दशकात जपानच्या एका बंदरात त्यांनी तो विकत घेतला होता. नाव यॅशिका इलेक्ट्रो ३५. ‘फादर, भंगारवाला शंभर रुपये देतो म्हणतो. देऊन टाकू का?’ मुलाने विचारले. ‘थोडे थांब,’ एवढेच म्हणून आम्ही तो कॅमेरा सोबत आणला. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि हाताळले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या जातीच्या कॅमेऱ्यास रेंजफाईंडर कॅमेरा म्हणतात. त्याच्या कपाळावर काचेच्या दोन खिडक्या असतात. मोठ्या खिडकीतून समोरचे दृश्य सरळ दिसते. लहान खिडकीतून आलेले तेच दृश्य आरशाने वळवून पहिल्याच्या मध्यभागी पाडलेले असते. त्यामुळे समोरच्या माणसाचे दोन चेहरे दिसतात, एक ठळक व एक फिकट. भिंगाभोवतीचे कडे फिरविले की फिकट चेहरा सरकू लागतो. दोन्ही चेहरे एकमेकांवर बरोबर बसले म्हणजे भिंग नेमके त्या अंतरावर जुळले असे समजावे. आपले दोन डोळे मिळून अंतराचा अदमास घेतात, तीच ही युक्ती होय.

या युक्तीचा जन्म मात्र छायाचित्रासाठी झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड कंपनीने ब्रिटिश आरमारासाठी अशी अंतरमापक यंत्रे बनविली. शत्रूचे जहाज किती दूर आहे हे कळल्यावाचून तोफेचा नेम धरता येत नसे. पुढे १९१६ साली कोडॅकने ते यंत्र एका घडीच्या कॅमेऱ्यात भिंगाशी जोडले. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे चित्र घेणारा छोटा कॅमेरा तयार केला. १९२५ साली तो ‘लायका’ या नावाने बाजारात आला, आणि १९३२ साली लायका व त्याचा प्रतिस्पर्धी काँटॅक्स या दोहोंत अंतरमापक भिंगाशी जोडला गेला. तोफेसाठी जन्मलेली युक्ती अशा रीतीने माणसाच्या चेहऱ्यापर्यंत येऊन पोहोचली.

या कॅमेऱ्याने आपल्या देशाच्या इतिहासातील एक दारुण प्रसंग टिपला आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ दिल्लीत गांधीजींना भेटले. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. पुढील दोन दिवसांतील शोकाकुल जनसमुदाय आणि अंत्यसंस्कार त्यांनी आपल्या छोट्या लायकाने टिपले. भोवतालच्या दुःखी माणसांना आपल्या यंत्राचा उपद्रव होऊ नये, हे या जातीच्या कॅमेऱ्याला साधते. आत उसळणारा आरसा नसल्याने त्याचा आवाज अगदी हलका असतो. लग्नविधीत आणि अंत्यविधीत ऐन प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांवर प्रकाशाचे लोळ सोसणाऱ्या धर्मगुरूंना या गुणाची थोरवी निराळी सांगावयास नको.

१९५९ साली निकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा आला आणि व्यावसायिक छायाचित्रकार हळूहळू तिकडे वळले. रेंजफाईंडर मात्र स्वस्त होऊन घराघरांत शिरला. कॅननचा कॅनोनेट १९६१ साली आला, यॅशिका इलेक्ट्रो १९६६ साली. आपल्याकडे त्या काळी आयातीवर कडक निर्बंध होते. मुंबईला छायाचित्रणाची परंपरा तशी जुनी. १८५३ साली आगगाडी ठाण्यास आली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या प्रारंभीच्या काळातील नामवंत छायाचित्रकार. परंतु सामान्य माणसाच्या घरी चांगला परदेशी कॅमेरा यायचा तो बहुधा बोटीवरच्या किंवा आखातातल्या नातलगाच्या पेटीतून. एका घरात आलेला कॅमेरा मग साऱ्या आळीचा होई. बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन, हळद, लग्न, सण, मयत, सर्वत्र त्याला बोलावणे असे.

आजींच्या घरचा कॅमेरा आम्ही मुंबईत फोर्टमधील एका वृद्ध कारागिरांकडे नेला. त्यांनी तो कानाशी धरला, खटका ओढला आणि म्हणाले, ‘आतला रबर गेला.’ या यॅशिकात फिल्म पुढे सरकविताना ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आतील रबराचा इवलासा तुकडा कालांतराने विरघळतो, आवाज बंद होतो आणि वेळेचे गणित चुकते. मागच्या झाकणाच्या खाचांतील स्पंजाचे काळे डांबर झाले होते. भिंगात बुरशीचे जाळे होते. आपल्या दमट हवेत बंद पिशवीत ठेवलेल्या कॅमेऱ्याची ही ठरलेली व्याधी. बुरशी वेळीच पुसली तर जाते, उशीर झाला तर काचेलाच कायमचा डाग पडतो. मूळची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही. तिच्या जागी सहा व्होल्टची साधी बॅटरी नळी आणि स्प्रिंग लावून बसवावी लागते.

जुने कॅमेरे शोधणाऱ्यांना मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीट ठाऊक असते. मुंबईच्याच दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जमविलेल्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. त्यांचा तो ध्यास थोर खराच. आमची ओढ मात्र एका कॅमेऱ्याची, आणि खरे सांगायचे तर कॅमेऱ्याहूनही त्यातून निघालेल्या चित्रांची. तिचे कारण आमच्याच एका अपराधात आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नवदीक्षित धर्मगुरू म्हणून एका दुसऱ्या गावी असताना, आम्ही धर्मगुरुनिवासाची साफसफाई काढली. कपाटात बिस्किटाचे दोन डबे निगेटिव्हनी भरलेले होते. एकमेकींना चिकटलेल्या, वास येणाऱ्या त्या पट्ट्या कोणाच्या, कुठल्या, काहीच लिहिलेले नव्हते. आम्ही त्या कचऱ्यासोबत जाळल्या. महिन्याभराने एक म्हातारे गृहस्थ विचारीत आले. गावातील लग्ने, मिरवणुका, जुने चर्च पाडण्यापूर्वीचे फोटो, सारे त्या डब्यांत होते. जुने फादर त्यांना हात लावू देत नसत. आम्ही खरे ते सांगितले. ते काही बोलले नाहीत, टोपी डोक्यावर ठेवून निघून गेले. त्यांचे ते न बोलणे आम्ही अजून विसरलेलो नाही.

म्हणून कॅमेरा दुरुस्त होऊन येताच आम्ही प्रथम आजींकडे गेलो. अंतरमापक बरोबर आहे का, हे फार दूरच्या वस्तूकडे पाहून ताडावे लागते. तिथे दोन प्रतिमा एक झाल्या पाहिजेत. आम्ही अंगणातून येऊरच्या डोंगराचा कडा शोधू लागलो, तर मध्ये इमारती उभ्या. शेवटी एका उंच इमारतीच्या उभ्या कडेवरच काम भागले, आणि डोंगराच्या उतारापेक्षा ती उभी रेघच अधिक सोयीची ठरली हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. जिथे एकेकाळी भातखाचरे होती आणि पलीकडे खाडीचे पाणी चमके, तिथले जुने रूप आता ट्रंकेतल्या फोटोंतच उरले आहे.

आजींनी ती ट्रंक उघडायला लावली. यजमानांनी याच कॅमेऱ्याने काढलेले दीडेकशे फोटो त्यात निघाले. एकाच्याही मागे नाव नव्हते. आजी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेत सांगू लागल्या आणि त्यांची नात पेन्सिलीने पाठीमागे लिहू लागली: कोण, कोणाची कोण, कुठले शेत, कुठली विहीर. तीन दुपारी हे काम चालले. अकरा चेहरे आजींनाही ओळखता आले नाहीत. त्यांना ओळखणारे आता कोणी राहिले नसावे.

भारतात फिल्म बनविणारा उटीचा सरकारी कारखाना बंद पडला आहे. फिल्म परदेशातून येते आणि महाग पडते. छत्तीस चित्रांची एक गुंडाळी आम्ही जपून वापरली. तिच्यातील पहिले चित्र आजींचे. फिकट चेहरा ठळक चेहऱ्यावर येऊन बसेपर्यंत आम्ही कडे फिरवीत होतो आणि आजी न हलता बसून होत्या. त्या चित्राच्या मागे नाव, गाव आणि तारीख आम्ही स्वतः लिहिली.

वाचकहो, आपल्या माळ्यावर, ट्रंकेत असा कॅमेरा असेल तर भंगारात देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. तो दुरुस्त होईलच असे नाही. परंतु त्याच्याशेजारी निगेटिव्ह आणि फोटो असतील, तर घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ आजच बसावे आणि सोबत पेन्सिल ठेवावी.